पंचवार्षिक पाहणी

दर पाच वर्षांनी मी इथे येतो,
टॉर्च, दुर्बीण आणि एक लाकडी ठोकणी घेऊन
जिच्यामुळे गिलावा आतून पोकळ झालाय का ते ऐकू येतं.
टेंटर लेनचं सेंट ऑस्वल्ड. अठराशे चौसष्ट ते एकाहत्तर.
अहवालाचं पहिलं पान मला पाठ आहे.

छप्पर: वेल्सची पाटी. दक्षिण उतारावर अकरा सरकलेल्या.
शिसं: पुन्हा चोरीला.
ओल: ती या उत्तर भिंतीच्या पाचवीलाच पूजलेली.
मनोरा: घंटेपर्यंत ठीक.
त्याच्यावर नकाशात जे एकशे ऐंशी फुटी शिखर होतं
ते चढलंच नाही. गिरणीवाल्या हॅटर्सलीची गंगाजळी
कापसाच्या भावात आटली,
आणि वर चार कोपऱ्यांत चार ओटे
पाट मांडून ठेवलेल्या पंगतीसारखे
अजून पाहुण्याची वाट बघतात.
हे अहवालात येत नाही. जे बांधलंच नाही
त्याची स्थिती काय लिहिणार?

दगड वाळूचा, मुळात मधासारखा.
शंभर वर्षं धुरांड्यांनी त्याच्यावर काजळी धरली.
अठ्ठ्याहत्तर साली पश्चिमेची बाजू धुतली
आणि पैसे संपले. त्यामुळे
बसस्टॉपवरून हे गोरं दिसतं, गल्लीतून काळं.
गल्लीतली पोरं ही दोन चर्चं समजतात.

आत टोकदार कमानी, खांब आठ.
सातांच्या माथ्यावर एबेनेझर क्लेगने पानं कोरली:
नेचे, ओक, आयव्ही, आणि एका पानाखाली गोगलगाय
जी फक्त शिडीवरून दिसते,
म्हणजे मला, आणि बल्ब बदलणाऱ्याला.
आठव्याचा माथा, उत्तरेचा शेवटचा, नुसता चौकोनी ठोकळा.
जमाखर्चाच्या वहीत तिरक्या अक्षरात:
क्लेग, सात नग पोचले. आठव्याची मजुरी आगाऊ मागतो. पाहू.

ते पाहणं अजून चालू आहे.

या खांबाशी फुकट बाकं असायची.
पुढची भाड्याची; त्यांच्या दारांवरचे पितळी आकडे
भाडं बंद झाल्यावरही कुणी काढले नाहीत.
एकसष्टच्या फेब्रुवारीत, जमैकाहून आल्याला तीन आठवडे,
इसिल्डा ब्रॅमवेल चौदा नंबरच्या बाकावर बसली.
कुणी काही बोललं नाही. फक्त सरकले.
सरकायला जागा नव्हती तरी सरकले.
पुढच्या रविवारी ती इथे, खांबाला लागून,
आणि मग एकोणपन्नास वर्षं इथेच.
पुढे या म्हणणारे तीन पाद्री आले आणि बदलून गेले.
ती म्हणायची, इथं खालून पाईप जातो,
पाय गरम राहतात.

पाईप मी तपासलाय. तो दक्षिणेकडून जातो.

कमानीला तडा आहे. तड्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या,
प्रत्येकीवर तारीख. भिंत हलली की आधी काच मोडते.
एकतीसची मोडली. बेचाळीसची मोडली, ती रात्रच तशी होती.
चौऱ्याहत्तरची शाबूत,
फक्त मध्ये एका कोळ्याने घर केलंय.
मी शेजारी आजची लावतो, ओल्या चुन्यात,
आणि तोल जाऊ नये म्हणून हात खांबाला टेकतो.

कमरेच्या जरा खाली, डाव्या अंगाला,
दगड तिथे खरखरीत नाही.
तळहाताएवढी उथळ वाटी,
प्रार्थनेनंतर उठताना कुणी भार द्यावा तशी,
काजळीही धरत नाही तिच्यात.
टॉर्च आडवा धरला की चमकते.

खांब क्रमांक आठ, झीज, स्थानिक.
कारणाचा रकाना मी बराच वेळ कोरा ठेवतो.
उपायाच्या रकान्यात लिहितो: हात लावू नये,
मग ते वाचून खोडतो.

वर्नीस, तिची मुलगी, किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी आहे,
चहा निवला म्हणते.
किती टिकेल हो हे?
मी पन्हळीबद्दल काहीतरी सांगतो.
ती ऐकते, वर बघते,
आणि पायाने बादली जराशी डावीकडे सरकवते.